टॅब्लेटची ‘सिस्टिम’ रिकामी करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टोरेज उघडलं आणि ‘सिस्टिम’समोर भलामोठा आकडा दिसला, की कोणीही घाबरतं. या घाबरण्यावर धंदा करणारी माणसं आहेत. माझ्या आईला त्यांनी गाठलं. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण पैशापेक्षा मोठं काहीतरी गेलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आई झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तिच्याकडे ६४ जीबीचा अँड्रॉइड टॅब्लेट आहे. त्यात शाळेच्या सहली, स्नेहसंमेलनं, जुन्या विद्यार्थ्यांची लग्नं असे ढीगभर फोटो होते. शिवाय थोरल्या मावशीच्या जात्यावरच्या ओव्या आईने एकेक करून रेकॉर्ड केल्या होत्या. मावशी आता नाही. ‘जागा अपुरी आहे’ असा संदेश सारखा यायला लागला, तेव्हा आई बाजारपेठेतल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेली.

दुकानदाराने सेटिंग उघडून दाखवलं. “काकू, हे बघा, सिस्टिमनेच २१ जीबी खाल्लेत. आत व्हायरस बसलाय. सॉफ्टवेअर मारावं लागेल. वर ५१२ जीबीचं मेमरी कार्ड टाकून देतो, सिस्टिम कार्डावर गेली की टॅब पळायला लागेल.” फोटो आणि रेकॉर्डिंग कार्डावर हलवून, टॅब्लेट पुसून, ‘क्लीनिंग’ आणि कार्ड मिळून २,८०० रुपये घेतले. पक्कं बिल दिलं नाही, कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला.

आकडा सोडला तर त्याच्या बोलण्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. ६४ जीबीच्या टॅब्लेटमध्ये अँड्रॉइड स्वतः, कंपनीने आधीच भरलेली अ‍ॅप्स आणि अपडेटसाठी राखलेली जागा मिळून १५ ते २० जीबी पहिल्या दिवसापासूनच गेलेली असते. शिवाय ‘सिस्टिम’चा आकडा बऱ्याचदा मोजलेला नसतोच. एकूण जागेतून फोटो, व्हिडिओ, अ‍ॅप्स असं ओळखता आलेलं सगळं वजा करायचं आणि जे उरेल ते सिस्टिमच्या नावावर टाकायचं, असा तो हिशेब असतो. त्यामुळे तो मोठा दिसला म्हणून आत व्हायरस आहे असं ठरत नाही. ‘सॉफ्टवेअर मारणं’ म्हणून त्याने जे केलं, तो सेटिंगमधला साधा फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून टॅब्लेट नव्यासारखा कोरा करणं, होता. तो कोणालाही फुकट करता येतो. रीसेटनंतरही आईच्या टॅब्लेटवर सिस्टिमचा आकडा जवळपास तेवढाच राहिला, आणि तो तसाच राहणार होता.

अँड्रॉइड प्रणाली कार्डावर हलवता येत नाही. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत कार्डाला आतल्या स्टोरेजचा भाग बनवण्याची सोय आली खरी, पण ती अ‍ॅप्स आणि डेटापुरती. अनेक कंपन्यांनी तीही बंद ठेवली.

पण सगळ्यात वाईट होतं ते कार्ड. काही दिवसांनी आईचा फोन आला, “अगं, फोटो अर्धेच उघडतायत, खाली नुसता राखाडी रंग येतोय.” ओव्यांच्या फाइल्स नावासकट दिसत होत्या, वाजत मात्र नव्हत्या. मी कार्ड लॅपटॉपला लावून एच२टेस्टडब्ल्यू या फुकट प्रोग्रामने तपासलं. ५१२ जीबी छापलेल्या कार्डात खरी जागा ८ जीबीसुद्धा भरली नाही.

ही बनवाबनवी अशी चालते. कार्डातला कंट्रोलर, म्हणजे जागा किती आहे हे टॅब्लेटला सांगणारी चिप, खोटा आकडा सांगेल अशी बदललेली असते. खरी जागा संपली की काही कार्डांत नवा डेटा जुन्यावरच चढतो, काहींत तो कुठेच लिहिला जात नाही. फाइलींच्या नावांची यादी मात्र कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते, म्हणून सगळं जागेवर असल्यासारखं दिसतं. कॉपी करताना एकही चूक दाखवली जात नाही. म्हणून नवीन कार्डावर काहीही ठेवण्याआधी ते पूर्ण भरून परत वाचून बघा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आहे, लिनक्स आणि मॅकवर एफ३. मोठ्या कार्डाला सहा-सात तास लागू शकतात, लागू द्या. आणि कार्ड तपासून होईपर्यंत मूळ फाइली पुसू देऊ नका, समोरचा कितीही घाई करो.

आईच्या टॅब्लेटमधली जागा खरी कोणी अडवली होती, तर व्हॉट्सअ‍ॅपने. सुप्रभातची चित्रं, देवाचे व्हिडिओ, त्याच त्या क्लिपा चार-चार ग्रुपमधून आलेल्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’खाली ५ एमबीपेक्षा मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या काढून दाखवतात, त्या तिथूनच पुसता येतात. गॅलरीतून काढलेले फोटो बऱ्याच टॅब्लेटवर ३० दिवस ट्रॅशमध्ये जागा धरून बसतात, तोही रिकामा करा. क्लीनर अ‍ॅप्सच्या मागे मात्र लागू नका. आताच्या अँड्रॉइडवर दुसऱ्या अ‍ॅपचं कॅशे (त्याने तात्पुरता साठवलेला डेटा) तिऱ्हाईत अ‍ॅपला परस्पर पुसता येत नाही. त्यासाठी ती ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात, आणि ती दिली की स्क्रीनवरचं सगळं त्यांना वाचता येतं. आयपॅडवर तर एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या फाइलींना हातच लावता येत नाही, तरी तिथेही आठवड्याच्या वर्गणीवर ‘सफाई’ विकली जाते.

कार्ड घेऊन मी दुकानात गेले. त्यावर त्याने, “डेटा रिकव्हरी करून देतो, ६,००० लागतील,” असं सांगितलं. हा दुसरा सापळा होता. जे कार्डावर कधी लिहिलंच गेलं नाही, ते कोणत्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही. खोट्या कार्डासाठी रिकव्हरीचे पैसे कोणालाही देऊ नका.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. पक्कं बिल नसलं तरी आमच्याकडे यूपीआयची नोंद आहे, ती चिठ्ठी आहे आणि तपासणीचा निकाल दाखवणारा स्क्रीनशॉट आहे. कार्ड पाकिटात बंद करून ठेवलंय, पुसलेलं नाही. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर रागाच्या भरात ते कार्ड फेकू नका किंवा फॉरमॅट करू नका, फसवणुकीचा खरा पुरावा तेच आहे.