नॉर्थ कोस्ट 500 की वाइल्ड अटलांटिक वे: आठ दिवसांसाठी कोणता किनारा?

खडकाळ किनाऱ्याने स्वतः गाडी चालवत फिरायचे ठरले की युरोपच्या वायव्य टोकाची दोन नावे हमखास पुढे येतात: स्कॉटलंडचा नॉर्थ कोस्ट 500 आणि आयर्लंडचा वाइल्ड अटलांटिक वे. यांपैकी कोणताही रस्ता नव्याने बांधलेला नाही. पूर्वापार चालत आलेले रस्ते एका माळेत गुंफून आयर्लंडने 2014 मध्ये आणि स्कॉटलंडने 2015 मध्ये ते पर्यटकांपुढे ठेवले. छायाचित्रांत दोन्ही सारखेच दिसतात आणि तिथेच निवड करणाऱ्याची फसगत होते, कारण प्रत्यक्ष गाडी चालवण्याचा अनुभव दोन्हीकडे अगदी वेगळा आहे.

पहिला फरक आकाराचा आहे आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. स्कॉटलंडचा मार्ग म्हणजे इन्व्हर्नेसच्या किल्ल्यापासून निघून तिथेच परत येणारे 516 मैलांचे, म्हणजे सुमारे 830 किलोमीटरचे वर्तुळ. आठ दिवसांत ते घाई न करता पूर्ण होते आणि भाड्याची गाडी घेतली तिथेच परत करता येते. आयर्लंडचा मार्ग मात्र डोनेगॉलच्या इनिशोवेन द्वीपकल्पापासून कॉर्क परगण्यातील किन्सेलपर्यंत नऊ परगण्यांतून जाणारा सुमारे 2,500 किलोमीटरचा आहे. तो आठ दिवसांत पुरा करायचा म्हटले, तर वळणावळणाच्या रस्त्यांवर रोज तीनशेहून अधिक किलोमीटर गाडी हाकावी लागेल आणि समुद्र फक्त काचेतून दिसेल. म्हणून खरी तुलना स्कॉटलंडचा संपूर्ण मार्ग आणि आयर्लंडचा एखादा तुकडा यांच्यातच होऊ शकते. तो तुकडा म्हणून मी क्लेअर आणि केरी हे परगणे धरले आहेत.

चालकाच्या दृष्टीने पाहिले, तर स्कॉटलंड अधिक कस पाहणारा आहे. पश्चिम आणि उत्तर किनाऱ्यावरचा बराचसा रस्ता एकाच गाडीपुरता रुंद आहे आणि ठरावीक अंतरावर ‘पासिंग प्लेस’ असे लिहिलेली छोटी रुंद जागा केलेली असते. समोरून गाडी येताना दिसली की ती जागा आपल्या डावीकडे असल्यास आत शिरून थांबायचे. उजवीकडे असल्यास आत न शिरता तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचे, म्हणजे समोरचा आपल्याला वळसा घालून निघून जातो. जाताना तो हात वर करतो, आपणही करायचा. दोघे मध्येच समोरासमोर आले, तर ज्याला जागा जवळ असेल त्याने गाडी मागे न्यायची असते, त्यामुळे अरुंद रस्त्यावर गाडी मागे घेण्याचा आत्मविश्वास नसेल, तर हा प्रवास सुखाचा होणार नाही. या जागेत छायाचित्रांसाठी गाडी उभी करणे मला अक्षम्य वाटते. त्याच रस्त्याने स्थानिक लोक कामावर जातात आणि रुग्णवाहिकाही धावतात. मागून घाईत कोणी आल्यास याच जागेत थांबून त्याला पुढे जाऊ द्यावे.

या मार्गाची खरी परीक्षा ॲपलक्रॉसच्या वाटेवरील बेलाख ना बा येथे होते. गेलिक भाषेत या नावाचा अर्थ ‘गुरांची खिंड’ असा आहे. समुद्रसपाटीपासून थेट 626 मीटरपर्यंत चढणारा हा घाट तीव्र वळणांचा असून काही ठिकाणी त्याचा चढ वीस टक्क्यांच्या जवळ जातो. नवशिक्या चालकांनी आणि मोठी कॅम्परव्हॅन घेतलेल्यांनी तो टाळावा. शील्डेगकडून किनाऱ्याने जाणारा रस्ता लांबचा असला, तरी ॲपलक्रॉसलाच पोहोचतो.

आयर्लंडमध्येही आडरस्ते अरुंद आहेत आणि दोन्ही बाजूंची दगडी कुंपणे आरशाला लागतील इतकी जवळ येतात, परंतु मुख्य किनारी रस्ते बहुतांशी दुपदरी आहेत. ग्रामीण स्थानिक रस्त्यांवरची वेगमर्यादा फेब्रुवारी 2025 पासून ताशी 80 वरून 60 किलोमीटर झाली, ही पाहुण्या चालकाच्या सोयीचीच गोष्ट आहे. शिवाय गावे जवळजवळ असल्याने मुक्काम, जेवण आणि पेट्रोल यांची चिंता कमी राहते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडे उन्हाळ्यातल्या खोल्या कित्येक महिने आधी राखून ठेवाव्या लागतात आणि अर्धी टाकी रिकामी झाली की पुढच्या पंपाची वाट न पाहता ती भरून घेणे शहाणपणाचे असते.

निसर्गाच्या बाबतीत माझा कल स्कॉटलंडकडे आहे, हे मान्य केले पाहिजे. असिंटच्या परिसरात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नाइस खडकाच्या उघड्या पठारावर सुल्व्हेनसारखे एकाकी डोंगर उभे आहेत आणि मैलोन्‌मैल घर दिसत नाही. पूर्व किनारा त्यामानाने सौम्य असल्याने त्यासाठी दीड दिवस पुरतो. आयर्लंडची संपत्ती विविधतेत आहे: मोहेरचे 214 मीटर उंच कडे, बरनचे चुनखडीचे करडे पठार, डिंगलचे द्वीपकल्प आणि समुद्रात सुळक्यासारखे उभे असलेले स्केलिग मायकल बेट. 1996 मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या या बेटावरच्या प्राचीन मठापर्यंत सहाशेहून अधिक दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. तिथे जाणाऱ्या होड्या फक्त उन्हाळी हंगामात सुटतात आणि लाटा मोठ्या असल्या की त्याही रद्द होतात, म्हणून एक दिवस मोकळा ठेवावा.

दोन्हीकडे मे महिना उत्तम. जूनमध्ये स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला दिवस अठरा तासांचा असतो, पण तेव्हापासून ऑगस्टपर्यंत मिज नावाची चिलटे वारा पडला की हैराण करतात. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी लक्षात ठेवावे की शेंगेन व्हिसा या दोन्ही देशांत चालत नाही.

म्हणून दोन सराईत चालक असतील आणि एकांत हवा असेल, तर स्कॉटलंड निवडावे. एकच चालक असेल आणि सोबत वृद्ध आई-वडील किंवा लहान मुले असतील, तर मी नि:शंकपणे क्लेअर आणि केरी सुचवेन.

मार्गाची दिशा मात्र विचारपूर्वक ठरवावी. दोन्ही देशांत वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे समुद्र डाव्या हाताला राहिला, तर समोरची रांग न ओलांडता गाडी कडेला घेता येते. त्यासाठी स्कॉटलंडमध्ये घड्याळाच्या दिशेने, म्हणजे आधी पश्चिमेला जावे. आयर्लंडमध्ये शॅनन विमानतळावरून आतल्या रस्त्याने प्रथम किलार्नी गाठावे आणि मग डिंगलमार्गे उत्तरेकडे यावे. टार्बर्ट ते किलिमर ही वीस मिनिटांची फेरीबोट घेतली, की सुमारे 137 किलोमीटरचा वळसा वाचतो आणि मोहेर व बरन पाहून शॅननला परतता येते. अपवाद फक्त रिंग ऑफ केरी या 179 किलोमीटरच्या वर्तुळाकार रस्त्याचा. तिथे पर्यटक बस घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात आणि अरुंद वळणांवर त्यांच्यासमोर येणे त्रासाचे ठरते, म्हणून त्या एका दिवसापुरते समुद्र उजवीकडे ठेवून बसच्याच दिशेने, परंतु त्या सुटण्याआधी सकाळी लवकर निघावे.