घरच्या लॅपटॉपवर असिओ ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर सिंथ: दिवाळी ते अखाजीचा (अक्षय्य तृतीयेपर्यंतचा) अनुभव

आधीच सांगून टाकतो, साउंड कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटर यांना जोडणारा छोटा प्रोग्राम, वाजवणाऱ्याच्या बोटांसाठी असतो, गाण्याच्या आवाजासाठी नाही. आमच्याकडे अमळनेर, धुळे, चाळीसगाव पट्ट्यात अहिराणी गाण्यांचे ट्रॅक घरीच बनवणारी पोरं आता गल्लोगल्ली आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना कुणीतरी सांगितलेलं असतं, "असिओ टाक, आवाज भारी होतो." असिओ (ASIO) म्हणजे अशाच ड्रायव्हरची एक वेगळी पद्धत. तिने आवाज भारीबिरी काही होत नाही. कळ दाबल्यापासून आवाज कानात पडेपर्यंतचा वेळ कमी होतो, एवढंच. पण त्या एवढ्यासाठीसुद्धा सेटिंग नीट लावावी लागते.

माझं सामान साधं आहे. जुना विंडोज लॅपटॉप, जळगावच्या गोलाणी मार्केटातून रॅम वाढवून आठ जीबी केलेला. यूएसबीवर चालणारा मिडी कीबोर्ड, म्हणजे दाबलेल्या कळांची खबर कॉम्प्युटरला देणारी पेटी. रेकॉर्डिंगला रीपर हे सॉफ्टवेअर, जे ६० दिवस फुकट वापरून बघता येतं आणि नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. सिंथमध्ये, म्हणजे वाद्यांचे आवाज बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये, सर्ज एक्सटी आणि डेक्स्ड, दोन्ही फुकट. डेक्स्ड म्हणजे यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स७ या सिंथ कीबोर्डची सॉफ्टवेअर आवृत्ती. वरातीच्या गाण्यांत तो काचेसारखा खणखणीत घंटीचा आवाज येतो ना, तसे आवाज त्यात पटकन बनतात. पेटी आणि सनईसाठी साउंडफॉन्ट, म्हणजे वाद्यांचे रेकॉर्ड केलेले सूर भरलेली फाइल.

दिवाळीत हे सगळं जोडलं तेव्हा लॅपटॉपच्या आतल्या कार्डावर, विंडोजच्या नेहमीच्या ड्रायव्हरने वाजवायला बसलो. शेजारचा पोरगा ढोलकीचा ठेका कीबोर्डवर वाजवत होता. दोन मात्रांतच थांबला आणि म्हणाला, "बोट आते पडनं, आवाज मंग येस." (बोट आत्ता पडलं, आवाज नंतर येतो.) अगदी तसंच होतं. विंडोज सगळ्या प्रोग्रामचे आवाज आधी एका मिक्सरमध्ये गोळा करतं, एका सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे किती तुकडे, म्हणजे सॅम्पल, ते) आणतं आणि मग कार्डाकडे पाठवतं. सिनेमा बघताना हे कळतही नाही, वाजवताना लगेच कळतं. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये असिओ आणलं ते याचसाठी. यात प्रोग्राम मधला मिक्सर टाळून कार्डाच्या ड्रायव्हरशी थेट बोलतो.

मग उशीर ठरतो तो मुख्यतः बफरवर, म्हणजे कार्डाकडे एका वेळी पाठवायच्या सॅम्पलच्या गठ्ठ्यावर. हिशोब सोपा आहे, बफरमधले सॅम्पल भागिले सॅम्पल रेट. ४८००० हर्ट्झला ४८० सॅम्पलचा बफर म्हणजे १० मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे सव्वापाच, १२८ चा म्हणजे पावणेतीनच्या आसपास. त्यावर कार्डाचा आणि यूएसबीचा थोडा वेळ वाढतो, तो वेगळा. १० मिलिसेकंदांत आवाज हवेतून साधारण साडेतीन मीटर जातो, म्हणजे ढोलवाल्यापासून तेवढ्या अंतरावर उभं राहून ऐकण्याइतका फरक. सनईचे लांब सूर किंवा पॅड (मागे भरून राहणारा लांब आवाज) वाजवताना मला १० मिलिसेकंद अजिबात खुपत नाहीत. ठेका वाजवताना खुपतात. म्हणून ठेक्याला १२८, बाकीला २५६, आणि मिक्स करायला बसलो की सरळ १०२४.

आतल्या कार्डाला स्वतःचा असिओ ड्रायव्हर नव्हता, म्हणून असिओफॉरऑल टाकलं. ते फुकट आहे. विंडोजच्या ड्रायव्हरवरच बसतं, पण प्रोग्रामला असिओसारखं दिसतं. त्यात यादीतलं नको ते प्रत्येक उपकरण बंद करा, एचडीएमआयचं, वेबकॅमच्या माइकचं, सगळं. फक्त हवं तेच चालू ठेवा. आणि ते कार्डावर एकट्याचा ताबा मागतं, त्यामुळे मागे ब्राउझरमध्ये गाणं सुरू असेल तर रीपरला कार्ड मिळत नाही. ब्राउझर बंद करून मगच रीपर उघडायचं, ही सवयच लागते. याला फ्लेक्सएसिओ हा पर्याय आहे, तोही फुकट, पण त्याची सेटिंग एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहावी लागते. ज्यांना ते जमतं त्यांनी तेच घ्यावं. नुसते सिंथ वाजवणाऱ्याला बाहेरचं कार्ड विकत घ्यायची गरजच नाही, हे मी कुणालाही ठामपणे सांगेन.

गायक यायला लागले तेव्हा मात्र बाहेरचं यूएसबी कार्ड घेतलं. घेताना एकच गोष्ट विचारा, या मॉडेलचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर आहे का? मोबाइल लाइव्हसाठी टाळ्या-हशांची बटणं असलेली जी स्वस्त कार्डं दुकानांत दिसतात, त्यांना बहुधा तो नसतो, मग फिरून पुन्हा असिओफॉरऑलच. दुसरं, डायरेक्ट मॉनिटरचं बटण हवंच. त्याने गायकाचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून न येता कार्डातूनच थेट त्याच्या हेडफोनमध्ये जातो, बफर काहीही असो. ब्लूटूथ हेडफोनवर वाजवायचा विचारही करू नका, त्यात उशीर आणखी वाढतो.

आता आवाज तुटण्याचं दुखणं. बफर १२८ वर आणला की मधूनच कडकड यायची, आणि सिंथ एकच असला तरी यायची. लेटन्सीमॉन हा फुकट प्रोग्राम लावला, तर वायफायचा ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरताना दिसला. रेकॉर्डिंगला बसताना वायफाय बंद केलं की कडकड गायब. विंडोजच्या वीज वाचवण्याच्या सेटिंगमध्ये पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर आणि यूएसबीचा सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, हेही तेव्हाच केलं.

मार्चनंतर तीच कडकड परत आली, वायफाय बंद असूनही. कारण खानदेशी होतं. दुपारी ४३-४४ अंशांत लॅपटॉप तापतो, तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि मग बफर वेळेत भरत नाही. यावर ड्रायव्हरमध्ये इलाज नाही. वाजवायचं काम सकाळी उरकायचं आणि दुपारी मोठ्या बफरवर मिक्स. वाजवून झालेला जड सिंथ फ्रीझ करून (त्याचा आवाज तयार फाइल करून) ठेवला की दुपारीही चालतं.

आता पहिल्या मुद्द्याकडे येतो. रीपरमध्ये तुम्ही सिंथ वाजवता तेव्हा रेकॉर्ड होतात त्या मिडी नोटा, कुठली कळ, कधी, किती जोराने. गाणं रेंडर करताना, म्हणजे त्याची शेवटची फाइल काढताना, सिंथ त्या नोटांवरून आवाज पुन्हा मोजून काढतो आणि थेट फाइलमध्ये लिहितो. तेव्हा साउंड कार्डाचा संबंधच येत नाही. म्हणून वाजवताना कडकड ऐकू आली तरी रेंडरमध्ये ती नसते, आणि असिओ असो की नसो, फाइल तीच निघते. चार्जर लावल्यावर स्पीकरमध्ये जी घूं ऐकू येते, आमच्या जुन्या घरांच्या अर्थिंगची मेहेरबानी, तीही फाइलमध्ये उतरत नाही. तरी काही जण अजून सिंथ वाजवत ठेवून स्टिरिओ मिक्समधून, म्हणजे कॉम्प्युटरवर जे वाजेल ते सगळं देणाऱ्या सोयीतून, तो दुसऱ्या प्रोग्राममध्ये पकडतात. त्यात तुटलेला आवाज पकडला जातो आणि मेसेजची टिंगसुद्धा.

सॅम्पल रेट मात्र पहिल्याच दिवशी ठरवा आणि सगळीकडे तोच ठेवा. गाणं शेवटी व्हिडिओला लागतं, म्हणून मी ४८००० धरला. ४४१०० चं रेकॉर्डिंग ४८००० समजून वाजलं तर ते जवळपास दीड अर्धस्वर चढतं. काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध कुठेतरी जातं, म्हणजे कुठल्याच पेटीवर न सापडणाऱ्या जागी. एका मित्राचा कानबाईच्या (खानदेशातल्या देवीच्या) गाण्याचा ट्रॅक असाच चढला होता आणि बिचाऱ्या गायिकेलाच सगळे बोल लावत होते.

कार्डाच्या ड्रायव्हरची चालणारी फाइल पेन ड्राइव्हवर जपून ठेवा. सिस्टीम अपडेटनंतर माझ्याकडे एकदा साधा ड्रायव्हर येऊन बसला होता आणि रीपरच्या यादीतून कार्डाचं असिओच गेलं. जुनी फाइल परत टाकली, काम झालं.

नंदुरबारकडची पावरी, आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य, मात्र अजून कुठल्याही साउंडफॉन्टमध्ये मनासारखी सापडलेली नाही. ती वाजवणाऱ्याला बोलावून माइकवरच घेतो, डायरेक्ट मॉनिटर चालू आणि बफर १०२४.