बोंडअळीचं पोस्टर कॅनव्हावर: क्यूआर कोडसकट परीक्षण

वणी-मारेगावकडच्या गावात कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचं पोस्टर लावायला कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइन साधनाची मोफत आवृत्ती पुरते. आकार सुरुवातीलाच ५९४ × ८४१ मिमी द्या. नंतर ताणलं की फोटो फुटतात. उणीव एकच, पण मोठी: मोफत पीडीएफ आरजीबीत (पडद्यासाठीच्या रंगपद्धतीत) मिळते, त्यामुळे छपाईत अळीचा गुलाबी रंग मळकट येऊ शकतो. आधी छोटा नमुना काढून बघाच.

खरी ताकद क्यूआर कोडची. डोमकळी (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेलं फूल) उकलून आतली अळी दाखवणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जोडा, माणूस पोस्टरसमोर थांबतो. मीटरभरावरून स्कॅन व्हायला कोड १० सेंमीचा हवा, भोवती पांढरी जागा हवी. लिंक लांब असली की चौकटी बारीक होतात, साधा कॅमेरा अडखळतो. कोड स्थिर प्रकारचाच, म्हणजे लिंक थेट आत असलेला, घ्या. डायनॅमिक कोड मधल्या सेवेतून लिंक उघडतो, त्यामुळे वर्गणी थांबली की बंद पडू शकतो. चकचकीत फ्लेक्स उन्हात चमकतो, मॅट विनाइल बरं.

रेंज नसेल तिथे व्हिडिओ फिरतच राहतो. म्हणून मुख्य आकडा पोस्टरवरच ठळक छापा: कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) सलग ३ रात्री, दर रात्री ८ पतंग म्हणजे नुकसानीची पातळी गाठली.