सनातनपंथी की केन्स: मंदीत कुणाचं ऐकावं?

भाची अर्थशास्त्र घेऊन बी.ए.च्या परीक्षेला बसतेय. अभ्यासाला दोन मतं आहेत: एक सनातनपंथी, म्हणजे बाजार आपोआप सावरतो असं मानणारे जुन्या परंपरेचे अर्थशास्त्रज्ञ; दुसरं ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्सचं. तिचा प्रश्न: "मामा, दोघांपैकी बरोबर कोण?" मी म्हटलं, आधी महामंदीतली, 1933 ची अमेरिका बघ.

बेकारी: सनातनपंथी म्हणतात, वेतन उतरलं की मालक पुन्हा माणसं घेतील. तिथे वेतनं उतरली, किमतीही उतरल्या, तरी साधारण चारातला एक कामगार घरी बसलेला. केन्सचं उत्तर मला इथे पटतं. एका घराने धास्तीने नवे बूट घेणं पुढे ढकललं, की चांभाराची कमाई गेली; मग तो शिंप्याकडे जात नाही. प्रत्येकाची काटकसर शहाणपणाची, पण सगळ्यांनी मिळून केली की सगळ्यांचंच उत्पन्न आटतं. स्वस्त मजूर घेऊन मालक करणार काय, माल घ्यायला गिऱ्हाईकच नाही!

बचत: सनातनपंथीयांच्या मते व्याजदर तिला गुंतवणुकीकडे वळवतो. केन्सला हा भरवसा नाही. भविष्याची भीती असेल तर कर्ज स्वस्त असूनही कारखाना उभा राहत नाही.

सरकार: सनातनपंथीयांना ते दूर हवं, केन्सला मंदीत खर्च करणारं.

पण 1973 च्या तेलसंकटानंतर महागाई आणि बेकारी एकदम वाढली, तेव्हा केन्सचा उपाय अपुरा पडला. अडचण पुरवठ्याची असताना मागणी वाढवली, तर किमतीच भडकतात.

म्हणून मागणी कोसळली असेल, माणसं आणि यंत्रं रिकामी असतील, तर केन्स. उत्पादनक्षमता पुरेपूर वापरात असेल, किंवा दहा-वीस वर्षांच्या वाढीचा विचार असेल, तर सनातनपंथी.