आकार शिकवायला काय बरं: अ‍ॅप, लाकडी बोर्ड की घरातला नॅपकिन?

वहिनीचा परवा फोन, लेकरू तीनचं झालं, आता आकार शिकवायला अ‍ॅप टाकू की तो लाकडी खाचांचा बोर्ड घेऊ. माझे दोन्ही करून झालेत, म्हणून सांगते.

अ‍ॅपचं आधी उरकते. गाणं वाजतं, त्रिकोण नाचतो, पोरगी गप्प बसते, तेवढ्यात आपल्या भाकऱ्या होतात. पण आमच्या अ‍ॅपमधला त्रिकोण कायम टोक वर करूनच उभा, कागदावर उलटा काढून दाखवला तर लेक म्हणते "पडला तो". शिवाय डब्ल्यूएचओने 2019 मध्येच सांगितलंय, 2 ते 4 वर्षांच्या पोरांना दिवसाला तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, आणि तो तास आमच्याकडे कार्टूनच खातं.

बोर्ड खरंच चांगला. मॉन्टेसरी पद्धतीतला प्रकार, खुंटी धरून तुकडा उचलायचा, कडेवरून बोट फिरवायचं आणि खाचेत बसवायचा, चुकला तर बसतच नाही, आपल्याला बोलावं लागत नाही. गोल कसाही फिरवा बसतो, चौरस चार तऱ्हांनी, आयत दोनच. हे तिला हातानेच कळलं. पण महिनाभरात सगळं पाठ झालं आणि तुकडे सोफ्याखाली गेले.

आता घरातलं. सोलापुरात काय नॅपकिनला तोटा आहे का! चौरस नॅपकिन कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडला की त्रिकोण, परत दुमडला तरी त्रिकोणच, लेक कितीतरी वेळ नुसती उघडझाप करत बसली. चादरीवरच्या नक्षीत तिला शंकरपाळी सापडली ती वेगळीच. अडचण एवढीच की घरातल्या वस्तू नेमक्या नसतात, घडीच्या पोळीची घडी मी त्रिकोण म्हणून दाखवली तर "आई, याची एक बाजू वाकडीये", आणि खरंच होती की! दुसरं म्हणजे आपण चेंडूलाही गोल म्हणतो आणि भाकरीलाही, मग मी दोन्ही हातात देऊन विचारते, यातलं घरंगळत सगळीकडे कोण जातं.

तर वहिनीला सांगितलं, नॅपकिन आजपासून, पैसे असतील तर बोर्ड, अ‍ॅप राहू दे. आणि ओळखता आलं म्हणजे काढताही यायला पाहिजे असं नाही, गोल साधारण तिसऱ्या वर्षी जमतो, चौकोन चौथ्या, त्रिकोणाला पाचवं उजाडतं, तोवर पेन्सिल घेऊन मागे लागू नका. बोर्ड माझाच घेऊन जा म्हणलं, फक्त त्यातला षटकोन हरवलाय.