हौशी गेम प्रोग्रॅमिंग: सुरुवात पायगेमने करावी की गोडोने?

आमच्या निपाणी-चिकोडीकडची बीसीएची पोरं आणि आता काही नोकरीवाली मंडळी सुद्धा हा प्रश्न सारखा विचारतात, की छोटे छोटे गेम करत करत शिकायचंय, पायथन थोडंफार येतं, तर पायगेम (पायथनमध्ये गेम करायची लायब्ररी) घेऊ का सरळ गोडो (एडिटरसकट तयार गेम इंजिन). दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स, दोन्ही विंडोजवर आणि लिनक्सवर चालतात, हे सगळ्यांना माहीत आहे त्यामुळे त्यात जात नाही. मी दोन्हीत छोटे प्रोजेक्ट पूर्ण केलेत आणि आता एकातच रमलोय. कुठल्यात आणि का ते पुढं येईलच, पण पायगेमला जुनं म्हणून एका वाक्यात निकालात काढतात ते मला पटत नाही, म्हणून आधी त्याची बाजू.

युनिटी हे मोठं गेम इंजिन यात धरलेलं नाही. नोकरीसाठी शिकायचं असेल तर त्याचा विचार वेगळा करा, तिथं त्याला वजन आहेच. पण रात्री जेवणं आटोपल्यावर तासभर बसून एका स्क्रीनचा गेम करायचा तर एवढं मोठं इंजिन घ्यायची गरज मला तरी वाटत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात त्यांनी रनटाइम फी (गेम किती वेळा इन्स्टॉल झाला त्यावर आकारायचे पैसे) जाहीर केली आणि वर्षभरानं मागं घेतली, त्या गडबडीतच बरेच हौशी लोक गोडोकडं वळले.

तर पायगेम. २००० सालापासून आहे, खाली एसडीएल ही लायब्ररी, आणि तुमच्या हातात देतं काय तर एक विंडो, चित्र चिकटवायची सोय, कीबोर्ड-माऊस आणि आवाज, बस्स. बाकी सगळं तुम्ही लिहायचं. आणि हेच त्याचं मोठेपण आहे असं मी मानतो, कारण गेम म्हणजे मुळात एक लूप आहे, इव्हेंट वाचा, वस्तू हलवा, स्क्रीन पुसून परत काढा, आणि क्लॉकला सांगा की सेकंदाला साठ फेऱ्यांच्या पुढं पळू नकोस, हे स्वतःच्या हातानं एकदा लिहिलं की पुढं कुठलंही इंजिन घ्या, आत काय चाललंय ते दिसायला लागतं. लूपमध्ये इव्हेंट वाचायचे राहिले की विंडोज त्या खिडकीवर नॉट रिस्पॉन्डिंग लिहितं, आणि ते का होतंय हे कळलं की ऑपरेटिंग सिस्टीम आणि प्रोग्रॅम यांचं आपसात काय चालतं ते पण कळतं. कॉलेजात एवढ्या सरळ कुणी सांगत नाही.

शिवाय पायगेमला जुना लॅपटॉप चालतो, कोड म्हणजे एक साधी फाईल, ती व्हॉट्सॲपवर मित्राला पाठवली तरी त्याच्याकडं चालते (पायथन आणि पायगेम टाकलेलं असलं म्हणजे झालं). चेंडू भिंतीला आपटून परत येणं, दोन चौकोन एकमेकांना लागले का ते बघणं, साप वाढत जाणं, हे सगळं रेक्ट (चौकोन) आणि कोलाइडरेक्ट (दोन चौकोन लागले का ते सांगणारं फंक्शन) एवढ्यावर होतं. एक मात्र करा, टाकताना पायगेम-सीई टाका, २०२३ मध्ये मूळ प्रोजेक्टमधूनच वेगळी झालेली शाखा आहे आणि काम तिकडं जास्त चालू आहे.

गोडो याच्या बरोबर उलट. पहिल्या संध्याकाळी चारी बाजूनी पॅनेल, मध्ये रिकामी स्क्रीन, आणि नोड म्हणजे काय, सीन म्हणजे काय, सिग्नल कशाला, हेच समजून घेण्यात वेळ जातो आणि स्क्रीनवर काहीच हलत नाही. गोडोची स्वतःची भाषा जीडीस्क्रिप्ट दिसायला पायथनसारखी, इंडेंटेशन तेच, पण पायथन नव्हे, पिप लावून लायब्ररी आणता येत नाही आणि पायथनच्या काही सोयी नाहीत. दुसरा त्रास ट्यूटोरियलचा. २०२३ च्या मार्चमध्ये गोडो ४ आलं तेव्हा नावं बदलली, आधीचं किनेमॅटिकबॉडी-टूडी आता कॅरॅक्टरबॉडी-टूडी झालं, यील्डच्या जागी अवेट आलं, आणि मूव्ह-अँड-स्लाइडला आता कंसात काही द्यायचं नाही, वेग आधीच व्हेलॉसिटीमध्ये भरून ठेवायचा. त्यामुळं गोडो ३ चा व्हिडिओ बघून टाइप करत बसला की लाल ओळीच लाल ओळी. व्हिडिओ लावायच्या आधी तारीख बघा, एवढी काळजी घेतली की हा त्रास निम्मा संपतो.

पण तो पहिला आठवडा काढला की मग गाडी पळते. उडी मारणारं पात्र, जमिनीवर उभं आहे का ते तपासणं, टाइलचा नकाशा, ॲनिमेशन, आवाज, सगळं आधीच आहे. आणि गेम चालू असताना रिमोट टॅब उघडून कुठल्या नोडची व्हॅल्यू आत्ता किती आहे ते बघता येतं, तिथंच बदलता येतं, त्याची सवय लागली की प्रिंट टाकून शोधत बसणं नको वाटतं.

इथपर्यंत दोन्ही पारडी मला बरोबरीचीच वाटतात, खरं सांगायचं तर शिकण्याच्या दृष्टीनं पायगेम थोडं पुढंच. माझं मत फिरलं ते अक्षरांवरून.

झालं असं की मला बसचा गेम करायचा होता. निपाणीहून बेळगावला जाणारी बस, तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती असे थांबे, बोर्डावर नाव येतं, प्रवासी उतरायचं गाव सांगतो आणि खेळणाऱ्यानं बरोबर थांब्यावर ब्रेक लावायचा. साधा गेम आहे, एका स्क्रीनचा. पण आमच्या गल्लीत मराठी शाळेची पण पोरं आहेत आणि कन्नड शाळेची पण, घरी एक बोलतात आणि शाळेत दुसरं वाचतात असं पण आहे, म्हणून बोर्ड दोन्ही लिप्यात हवे होते. इथं राहणाऱ्याला याचं काही विशेष वाटणार नाही, बस स्टँडवर उभं राहिलं की दोन्ही लिप्या डोळ्यापुढनं जातच असतात.

पायगेममध्ये नोटो या फुकट मिळणाऱ्या फॉन्टमालिकेतला देवनागरी फॉन्ट लोड केला, रेंडर केलं, आणि बोर्डावर निपाणीची पहिली वेलांटी न च्या आधी यायची ती न च्या नंतर. म्हणजे वाचताना ती सरळ प ची वेलांटी वाटते, नपिाणी असं काहीतरी. संकेश्वर मधला श्व जोडलाच नाही, श चा पाय मोडून हलंत आणि बाजूला अख्खा व. कन्नडचं तर आणखी वाईट, चिक्कोडी लिहिताना दुसरा क खाली लहान होऊन लटकायला पाहिजे, तो शेजारी मोठा होऊन बसला. फॉन्ट चांगला होता, युनिकोड बरोबर होतं. कारण असं आहे की आपल्या लिप्यात अक्षरं साठवायचा क्रम आणि दाखवायचा क्रम एक नसतो, मधे कुणीतरी शेपिंग करावं लागतं, म्हणजे कुठली वेलांटी कुठं सरकवायची, कुठली अक्षरं जोडायची हे फॉन्टमधले नियम वाचून ठरवावं लागतं. हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. पायगेमला मजकूर नुसता दिला तर ते काम होत नाही.

वाटा आहेत, नाही असं नाही. पायगेम-सीई मध्ये फॉन्टला लिपी कुठली ते सांगायची सोय आली आहे, सेट-स्क्रिप्ट, त्यात देवनागरीचा कोड दिला की हार्फबझला नेमकं कळतं. पण ती लिपी त्या फॉन्टला चिकटते, एकाच ओळीत मराठी आणि कन्नड पाहिजे असलं की दोन फॉन्ट, दोन तुकडे, दोन्हींची रुंदी मोजा, शेजारी चिकटवा. दुसरी वाट पिलो या पायथनच्या चित्रांच्या लायब्ररीची, त्यात रॅक्म नावाचं इंजिन लावून अक्षरं चित्र म्हणून काढायची आणि ते चित्र पायगेममध्ये आणायचं. तिसरी वाट मी बराच काळ वापरली, सगळी नावं इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पीएनजी काढून ठेवायची. थांब्यांच्या नावाला ते चालून जातं, पण ‘संकेश्वरला तिघं उतरले, दोघं चढले’ असं चालू खेळात बदलणारं वाक्य आलं की चित्रांचे तुकडे जोडत बसावं लागतं, आणि एक थांबा वाढवला की परत इंकस्केप उघडा, परत एक्सपोर्ट, परत नाव बदलून फोल्डरमध्ये टाका. गेम करायला बसायचो आणि अख्खी संध्याकाळ बोर्ड रंगवण्यात जायची. मला त्याचाच कंटाळा आला.

गोडो ४ मध्ये हार्फबझ आतच आहे. लेबल (मजकूर दाखवायचा नोड) घ्या, फॉन्ट नोटो देवनागरी लावा, त्याच्या इम्पोर्टमध्ये फॉलबॅक म्हणून (पहिल्यात अक्षर नसलं तर वापरायला) नोटो कन्नड जोडा, आणि एकाच ओळीत दोन्ही लिप्या पेस्ट करा. वेलांटी जागेवर, श्व जोडलेला, कन्नडचा क खाली लटकलेला. ओळ मोडायची असली तर ती पण शब्दावर मोडते. एक एक अक्षर टाइप झाल्यासारखं दाखवायचं असलं तर लेबलच्या सेटिंगमध्ये अक्षरं शेपिंग झाल्यावर मोजायची असा पर्याय निवडा, म्हणजे नुसतं अक्षर आधी आणि वेलांटी मागनं असला प्रकार होत नाही. गोडो ३ ला हे जमत नव्हतं, म्हणून कुणी जुना अनुभव सांगून गोडोत मराठी बिघडतं म्हणालं तर ते तेव्हाचं आहे.

आणि भाषा बदलायची सोय तर मला फारच आवडली. एक सीएसव्ही फाईल करायची, पहिल्या रकान्यात ‘की’ म्हणजे त्या मजकुराचं खुणेचं नाव, पुढं मराठीचा रकाना, कन्नडचा रकाना, इंग्रजीचा रकाना. गेममध्ये लेबलवर नुसती ही ‘की’ लिहायची आणि कोडच्या एका ओळीत लोकेल (चालू भाषा) बदलला की सगळे बोर्ड दुसऱ्या भाषेत. फाईल सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा एवढंच. माझं कन्नड बोलण्यापुरतं आहे, लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, तर तो रकाना मी कन्नड शाळेतल्या एका सरांना दिला, त्यांनी कोड न बघता स्प्रेडशीटमध्ये दुरुस्त करून परत पाठवला. पायगेममध्ये अशी सोय स्वतः लिहिता येईलच, अवघड नाही, पण इथं ती आयती आहे.

खेळायला देणं हा दुसरा मुद्दा, यात पण मला गोडोच बरं वाटतं, फरक मात्र एवढा मोठा नाही. आपल्याकडं पोरांच्या हातात फोन असतो, कॉम्प्युटर नसतो. पायगेमचा गेम ब्राउझरमध्ये आणायला पायगबॅग आहे, मुख्य लूप असिंक करून त्यात अवेट टाकायचा आणि आवाज ओजीजीमध्ये ठेवायचे, जमतं. गोडोत वेब एक्सपोर्टचं बटण आहे, फक्त आवृत्ती ४.३ किंवा पुढची घ्या, त्याच्या आधीच्या ४ मध्ये थ्रेडमुळं सर्व्हरवर वेगळे हेडर लावायला लागायचे. झिप करून इच डॉट आयओ या गेमच्या साईटवर टाकली की लिंक पाठवायची, झालं. अँड्रॉइडची एपीके काढायची असली तर जेडीके, एसडीके, कीस्टोअर सगळं एकदा लावून घ्यावं लागतं, त्याला एक रविवार ठेवा. आणि गेम असा बाहेर काढायला लागणारे एक्सपोर्ट टेम्प्लेट जवळपास जीबीभर आहेत, तेव्हा मोबाईल डेटावर असाल तर रात्री लावून झोपा, एडिटर स्वतः मात्र लहान आहे.

मग पायगेम कुणी घ्यावं? ज्याला पायथनच पक्कं करायचंय, ज्याच्या गेममध्ये मजकूर म्हणजे फक्त स्कोअरचे आकडे, किंवा ज्याला आत काय चालतं ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही, त्यानं खुशाल घ्यावं, आणि कुणी सांगितलं म्हणून मध्येच सोडू नये. माझं स्वतःचं म्हणणं असं की पायगेममध्ये एक चेंडू-फळीचा गेम शेवटपर्यंत करा, म्हणजे सुरुवातीची स्क्रीन, हरल्याची स्क्रीन आणि परत खेळायचं बटण यासकट, आणि मग गोडोत या. ज्याच्याकडं तेवढा वेळ नाही आणि ज्याला आपल्या भाषेत काहीतरी करून गल्लीतल्या पोरांना लगेच दाखवायचंय त्यानं सरळ गोडोत उतरलं तरी काही बिघडत नाही. कदाचित तुमचं गणित वेगळं असेल, पण बोर्डावर एक जरी मराठी शब्द यायचा असला तर मी दुसरं काही सुचवणार नाही.

गोडोच घेणार असाल तर नवीन प्रोजेक्ट करताना रेंडरर (स्क्रीनवर चित्र काढणारा भाग) कंपॅटिबिलिटी निवडा, जुन्या लॅपटॉपला तेच झेपतं आणि वेबला पण तेच लागतं. सी-शार्पच्या नादाला आत्ता लागू नका, गोडो ४ मधनं सी-शार्पचा गेम वेबवर जात नाही. फॉन्टची फाईल पहिल्याच दिवशी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाका आणि थीममध्ये डिफॉल्ट म्हणून लावा, कारण ब्राउझरमध्ये सिस्टीमचे फॉन्ट मिळत नाहीत, आणि तुमच्या लॅपटॉपवर झकास दिसलेलं नाव मित्राच्या फोनवर नुसते चौकोन होऊन येईल.