सान दामियानो, असिसी: धावत बघायची जागा नाही ही

इटलीतल्या असिसीला ही माझी दुसरी खेप. पहिल्यांदा वसईहून एका तीर्थयात्रेच्या टूरने आलेलो, टूरवाल्यांनी अख्ख्या गावाला अडीच तास दिले, मोठं बॅसिलिका, याच गावच्या संत फ्रान्सिसची कबर, जेवण आणि चला बसमध्ये, गावाबाहेरचं सान दामियानोचं जुनं चर्च तर यादीतच नव्हतं, ते मनाला इतकं लागलं की या वेळी बायकोला म्हटलं आपण आपलं जाऊ आणि तीन दिवस राहू.

गावाच्या वेशीबाहेर पडलं की ऑलिव्हच्या झाडांमधून उतार लागतो, पंधरा-वीस मिनिटं चालायचं. येताना मात्र चढ आहे, गुडघे दुखत असतील तर टॅक्सी सांगून ठेवा. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. तिकीट नाही.

चर्च लहान आणि काळोखं. ज्या क्रूसासमोर फ्रान्सिसला 'माझं घर दुरुस्त कर' असं ऐकू आलं तो मूळ क्रूस आता वर गावात संत क्लाराच्या बॅसिलिकेत आहे, इथे त्याची प्रतिकृती. वर सिस्टरांची झोपायची खोली, या सिस्टरांची पुढारी आणि फ्रान्सिसची शिष्या क्लारा १२५३ मध्ये तिथेच वारली, चाळीसेक वर्षं ती याच भिंतींमध्ये राहिली आणि त्यातली बरीचशी अंथरुणावर.

मी सगळ्यात जास्त थांबलो ते जेवणाच्या खोलीपाशी. भिंतीला लागून जुनी लाकडी टेबलं, काळी पडलेली, कडा हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या, आणि क्लारा बसायची त्या जागेवर फुलं ठेवलेली. बस, एवढंच. पण आजारी बाई आणि धडधाकट बाई याच टेबलावर एकच भाकर तोडून खायच्या हे डोळ्यासमोर आलं आणि पाय निघेना.

माझ्या पप्पांचे डोळे काचबिंदूने गेले, शेवटची तीन वर्षं त्यांना काहीच दिसत नव्हतं. घरी येणारा प्रत्येक जण सांगायचा की देवाची इच्छा, सोसा, आणि चहा पिऊन जायचा. मला त्याचा फार राग यायचा. १२२५ मध्ये फ्रान्सिस इथेच आजारी पडून होता, डोळे इतके बिघडलेले की पन्नासहून जास्त दिवस दिवसाचा उजेड सोसवत नव्हता की रात्री शेकोटीचा, त्यात झोपडीत उंदीर, आणि त्याच अवस्थेत त्याने 'बंधू सूर्या'चं स्तोत्र रचलं. हे मी लहानपणापासून ऐकलंय. पण त्याच्या उशाशी भाऊ, म्हणजे त्याच्या संघातले ब्रदर, होते, हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. संघासाठी त्याने लिहिलेल्या १२२३ च्या नियमाची सुरुवातच अशी की आपलं जगणं म्हणजे प्रभूचं शुभवर्तमान, म्हणजे येशूची शिकवण, पाळणं, आणि त्याच नियमात पुढे लिहिलंय की एखादा भाऊ आजारी पडला तर आपली जशी सेवा व्हावीशी वाटते तशी त्याची करा. आई पोटच्या पोराला जपते त्याहून जास्त एकमेकांना जपा, असंही आहे. म्हणजे दुखणं एकट्याच्या गळ्यात बांधून 'सोस' म्हणणं हे फ्रान्सिसचं नाहीच, उशाशी बसणं हेच त्याचं शुभवर्तमान. महारोग्यांपाशीही तो असाच गेला, आधी त्याला त्यांच्याकडे बघवतही नव्हतं आणि मग जे कडू वाटायचं तेच गोड झालं, असं त्याने स्वतःच मृत्युपत्रात लिहून ठेवलंय.

आमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया फ्रान्सिसच्या याच संघाचा ब्रदर, १५९७ मध्ये नागासाकीत आपल्या सोबत्यांबरोबर क्रूसावर गेला, म्हणून वसईकरांनी तर इथे नक्की यावं.

माझ्याकडून पाचपैकी पाच. फक्त दुपारच्या गर्दीत जाऊ नका, संध्याकाळच्या प्रार्थनेला थांबा, ब्रदर लोक स्तोत्रं म्हणतात तेव्हा मागच्या बाकावर जागा मिळते. आम्ही गेलो तेव्हा पुढे एक खूप म्हातारे ब्रदर होते, हात थरथरत होते, शेजारच्या तरुण ब्रदरने त्यांचं पुस्तक शेवटपर्यंत धरलं आणि पान उलटायच्या आधी दर वेळी त्यांच्याकडे बघून थांबला.